‘दक्षिण अमेरिका संपली’ असं म्हणण्याआधी

आमच्या मेसमध्ये रात्री नऊनंतर जे वाद होतात, त्यातले निम्मे फुटबॉलवरचे असतात. लॅबमधला माझा एक ज्युनियर कोल्हापूरचा आहे. कोल्हापूरचा म्हणजे काय, हे पुण्यात वाढलेल्यांना थोडं समजावून सांगावं लागतं. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे स्वतःचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना तुफान गर्दी होते, आणि वर्ल्ड कप आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. जर्मनी किंवा इटलीचा झेंडा शोधावा लागतो. आमचा हा गडी अर्जेंटिनावाला आहे.

त्याच्यासमोर बसतो शेजारच्या लॅबमधला पोस्टडॉक. त्याचं म्हणणं एका वाक्याचं आहे: ‘दक्षिण अमेरिका संपली, २०२२ हा अपवाद होता.’ यावर ज्युनियरचं उत्तरही एका वाक्याचंच: ‘कप आता कुणाकडं हाय, तेवढं सांगा की.’

येत्या ११ जूनला पुढची स्पर्धा सुरू होतेय, त्यामुळे हा वाद महिनाभर तरी थांबणार नाही. मला या वादात रस आहे तो फुटबॉलमुळे आहेच, पण आणखी एका कारणाने आहे. दोघंही हुशार आहेत, दोघांकडे खरे आकडे आहेत, आणि दोघंही त्या आकड्यांचं जे करतात ते आपण संशोधनात करू नये. पीएचडीच्या मुलाखतीची किंवा पहिल्या सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्यांसाठी म्हणून हा वाद जरा उकलून बघू.

दावा नेमका काय आहे?

टीका करायची तर आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या सर्वांत मजबूत रूपात मांडावं. ‘दक्षिण अमेरिका संपली’ हे काही तपासता येण्यासारखं विधान नाही. याचं जरा बरं रूप किलियन एम्बापेने मे २०२२ मध्ये एका मुलाखतीत मांडलं होतं. त्याचा आशय असा की युरोपातले देश नेशन्स लीगसारख्या स्पर्धांमुळे एकमेकांशी सतत वरच्या दर्जाचे सामने खेळतात. ब्राझील-अर्जेंटिनाला वर्ल्ड कपपर्यंत पोचताना तसे सामने मिळत नाहीत. म्हणून तिकडचं फुटबॉल युरोपइतकं पुढे गेलेलं नाही. यात निरीक्षण आहे, कारण आहे आणि त्यातून निघणारं भाकीतही आहे. तपासता येईल असा दावा आहे हा.

सात महिन्यांनी, १८ डिसेंबर २०२२ ला, अंतिम सामन्यात एम्बापेने तीन गोल केले आणि तरी फ्रान्स हरलं. ३–३, मग पेनल्टी शूटआउटमध्ये ४–२. कोल्हापुरात फटाके वाजले. एम्बापे चुकीचा ठरला, असं सगळ्यांनी म्हटलं.

ठरला का? जादा वेळ संपता संपता कोलो मुआनी एकटा गोलपाशी पोचला होता आणि एमिलियानो मार्टिनेझने पाय आडवा घालून तो गोल वाचवला. तो पाय वीतभर इकडेतिकडे असता तर कप फ्रान्सकडे गेला असता आणि एम्बापे द्रष्टा ठरला असता. एका पायाच्या जागेवर जो निष्कर्ष उलटा होतो, तो दोन खंडांच्या फुटबॉलबद्दलचा निष्कर्ष असू शकत नाही. ज्युनियरला हे मान्य नाही. पण हाच न्याय पोस्टडॉकलाही लावायचा आहे, हे ऐकल्यावर तो जरा शांत झाला.

सुरुवात कुठून करायची?

१९३० ते २०२२ अशा २२ स्पर्धा झाल्या. युरोप १२, दक्षिण अमेरिका १०. पोस्टडॉक म्हणतो, २००६ पासून बघा: इटली, स्पेन, जर्मनी, फ्रान्स, सलग चार, मग अर्जेंटिना. म्हणजे ४–१. पण २००२ ला थांबून मोजलं तर दक्षिण अमेरिका ९, युरोप ८. आणि १९६२ ते २००२ या ११ स्पर्धांत तर कप एकदा इकडे, एकदा तिकडे असा एकाआड एक फिरला.

२००६ च का? कारण तिथून युरोपची रांग सुरू होते. म्हणजे आधी उत्तर बघितलं आणि मग सुरुवातीचं वर्ष निवडलं.

हे मी दुसऱ्याला हसून सांगत नाहीये. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी घाटमाथ्याजवळच्या तीन केंद्रांच्या पावसाचा कल काढला होता. रेषा सुंदर खाली उतरत होती. सेमिनारमध्ये स्लाइड लावली आणि माझ्या गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला: ‘२००५ पासूनच का?’ माझ्याकडे उत्तर होतं, ‘तिथून डेटा सलग मिळतो.’ ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. २००५ म्हणजे सांगली-कोल्हापूरच्या महापुराचं साल. प्रचंड पावसाच्या वर्षापासून सुरुवात केली की पुढचं सगळं उतरतंच दिसतं. दोनतीन वर्षं मागे गेलो तर मध्ये काही नोंदी गहाळ होत्या खऱ्या, पण भरून काढता येण्यासारख्या होत्या. त्या भरल्या आणि माझा कल जवळजवळ सपाट झाला. सहा महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. मला वाईट वाटलं ते काम गेल्याचं नव्हे. आपण मुद्दाम काही केलेलं नसतानाही स्वतःला फसवलं होतं, याचं वाटलं.

छेद काय घ्यायचा?

आता विजेतेपद सोडून जरा मोठा डेटा घेऊ. शेवटच्या पाच स्पर्धांत (२००६ ते २०२२) उपांत्य फेरीच्या २० जागांपैकी युरोपने १५ घेतल्या, दक्षिण अमेरिकेने ४, एक मोरोक्कोने. १५–४ म्हटल्यावर वाद संपलाच असं वाटतं.

पण त्या आधीच्या पाच स्पर्धांत (१९८६ ते २००२) दक्षिण अमेरिकेचे किती संघ उपांत्य फेरीत होते? ५. दर वेळी एकच. म्हणजे ‘सुवर्णकाळ’ ५ आणि ‘घसरण’ ४. फरक पुढच्या टप्प्यात आहे: तेव्हाचे पाचही संघ अंतिम सामन्यात पोचले आणि तीन जिंकले. आताच्या चारपैकी दोन पोचले, एक जिंकला. तेव्हाच्या पाचपैकी दोन उपांत्य सामने, १९९० चा इटलीविरुद्धचा आणि १९९८ चा नेदरलँड्सविरुद्धचा, पेनल्टीवर सुटले होते, हेही लक्षात ठेवा.

शिवाय १५ आणि ४ हे अंश झाले, छेद कुठाय? युरोपच्या संघटनेत ५५ सदस्य आहेत, दक्षिण अमेरिकेच्या संघटनेत १०. या पाच स्पर्धांत युरोपचे एकूण ६७ संघ उतरले, दक्षिण अमेरिकेचे २४. आता टक्केवारी काढा. उपांत्य फेरी: युरोप ६७ पैकी १५, म्हणजे सुमारे २२ टक्के, दक्षिण अमेरिका २४ पैकी ४, सुमारे १७ टक्के. दरी बरीच आखडली. एक पायरी मागे या, उपांत्यपूर्व फेरीत: युरोप ६७ पैकी २४, सुमारे ३६ टक्के, दक्षिण अमेरिका २४ पैकी १३, सुमारे ५४ टक्के. इथे तर दक्षिण अमेरिकाच पुढे!

ज्युनियरने इथे टेबलावर थाप मारली. त्याला म्हटलं, थांब. हे १३ संघ तिथवर कुणाला हरवून आले ते बघ. मेक्सिको तीनदा, दक्षिण कोरिया दोनदा, घाना, जपान, ऑस्ट्रेलिया, शिवाय चिली दोनदा आणि उरुग्वे एकदा, म्हणजे घरचेच. युरोपीय संघाला हरवून आलेले फक्त दोन: २०१४ मध्ये स्वित्झर्लंडला हरवणारा अर्जेंटिना आणि २०१८ मध्ये पोर्तुगालला हरवणारा उरुग्वे. म्हणजे ५४ टक्के हा आकडा खरा आहे, पण तो आपल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. आपला प्रश्न युरोपशी टक्कर देण्याचा आहे.

मग थेट सामनेच मोजू

२००६ पासूनच्या उपांत्यपूर्व फेऱ्यांत युरोप विरुद्ध दक्षिण अमेरिका असे १० सामने झाले. युरोपने ८ जिंकले, दक्षिण अमेरिकेने २. ते दोन्ही अर्जेंटिनाचे: २०१४ मध्ये बेल्जियम, २०२२ मध्ये पेनल्टीवर नेदरलँड्स.

दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत असं धरू. मग प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. १० वेळा नाणं उडवलं तर २ किंवा त्याहून कमी छापे पडण्याची शक्यता किती? एकूण १०२४ शक्यता. शून्य छापे १ प्रकारे, एक छापा १० प्रकारे, दोन छापे ४५ प्रकारे. एकूण ५६. भागिले १०२४, म्हणजे सुमारे ५.५ टक्के.

पी-व्हॅल्यू ०.०५५! पीएचडी करणाऱ्या कुणालाही या आकड्याने पोटात गोळा येतो. ०.०५ च्या इतक्या जवळ. अजून एखादा सामना ‘योग्य’ बाजूला ढकलता आला तर पेपर झाला. आणि ढकलता येतो! २०१० चा युरोप-दक्षिण अमेरिका उपांत्य सामना नेदरलँड्सने उरुग्वेविरुद्ध जिंकला, तेवढा घेतला की ११ पैकी ९ आणि पी-व्हॅल्यू ०.०३३. टेबलाखाली ‘२०१० ची उपांत्य फेरी धरून’ अशी बारीक टीप. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

उलट सगळीच बाद फेरी घेतली, म्हणजे शेवटच्या १६ पासून अंतिम सामन्यापर्यंत, तिसऱ्या क्रमांकाचे सामने सोडून, तर २१ सामने होतात: युरोप १४, दक्षिण अमेरिका ७. तुल्यबळ संघांत इतका किंवा याहून एकतर्फी निकाल याच दिशेने लागण्याची शक्यता सुमारे ९.५ टक्के. म्हणजे डेटा दुप्पट केला आणि पुरावा अर्ध्यावर आला. खरा परिणाम असेल तर साधारणपणे उलटं व्हायला हवं. उपांत्यपूर्व फेरीच का निवडली, याचं माझ्याकडे फुटबॉलमधलं काही कारण नव्हतं. तिथे आकडा चांगला दिसत होता, एवढंच.

‘खंड’ नावाचा प्राणी

आता ते २१ सामने देशांप्रमाणे वेगळे करा.

अर्जेंटिना: ६ विजय, ४ पराभव.
ब्राझील: ० विजय, ५ पराभव.
बाकी सगळे मिळून (उरुग्वे, इक्वेडोर, पराग्वे, कोलंबिया): १ विजय, ५ पराभव.

२००२ च्या अंतिम सामन्यात जर्मनीला हरवल्यापासून ब्राझीलने बाद फेरीत एकही युरोपीय संघ हरवलेला नाही. फ्रान्स, नेदरलँड्स, जर्मनी, बेल्जियम, क्रोएशिया, प्रत्येक वेळी नवा पाहुणा. त्याच काळात अर्जेंटिना युरोपशी हरण्यापेक्षा जास्त वेळा जिंकला. या दोघांची सरासरी काढून तिला ‘दक्षिण अमेरिका’ म्हणायचं, हे एक गार आणि एक उकळतं भांडं मिसळून ‘पाणी कोमट आहे’ म्हणण्यासारखं आहे.

‘युरोप’चंही तेच. ते १४ विजय फक्त ७ देशांचे आहेत: जर्मनी ४, फ्रान्स ३, नेदरलँड्स आणि इंग्लंड प्रत्येकी २, स्पेन, बेल्जियम, क्रोएशिया प्रत्येकी १. अर्जेंटिनाच्या चारपैकी तीन पराभव एकट्या जर्मनीकडून, लागोपाठच्या तीन स्पर्धांत, बऱ्याचशा त्याच त्या खेळाडूंकडून. नाणेफेकीच्या हिशोबात आपण प्रत्येक सामना स्वतंत्र धरला होता. तो तसा नव्हता. एकाच झाडाची तीन पानं तोडून ‘तीन झाडं तपासली’ म्हणता येत नाही.

आता माझ्यावरच टीका करतो, कारण ज्युनियर ६–४ वर फार खूश झाला होता. त्या ६ विजयांतले ३ पेनल्टीवरचे आहेत, ४ पराभवांतला १ पेनल्टीवरचा. पेनल्टी वगळली तर अर्जेंटिना ३–३. आणि १० सामन्यांचे तुकडे करत गेलं की कुठेतरी काहीतरी मनासारखं सापडतंच. देशवार विभागणी मी आकडे बघितल्यावर केली आहे. म्हणून ती शोध म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही.

आणि ‘का’ चा प्रश्न

एम्बापेच्या दाव्यातलं कारण असं होतं की तिकडे तगडे सामने मिळत नाहीत. पण ते मिळत नाहीत म्हणजे कुणाला? २०२२ च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने मैदानात उतरवलेले पहिले अकराही खेळाडू युरोपातल्या क्लबांकडून खेळत होते. मेस्सी आणि एम्बापे तर एकाच क्लबचे. वर्षाचे दहा महिने जे युरोपात, युरोपीय प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळतात, त्यांना ‘दक्षिण अमेरिकेचं फुटबॉल’ म्हणायचं की युरोपचं?

क्लबांकडे बघितलं तर मात्र घसरण ठळक दिसते. १९६० ते २००४ या काळात दोन्ही खंडांच्या विजेत्या क्लबांमध्ये इंटरकॉन्टिनेंटल कप खेळला जायचा. त्यात दक्षिण अमेरिका २२, युरोप २१. डिसेंबर १९९५ मध्ये बॉसमन निकाल लागला, युरोपीय क्लबांवरची युरोपीय खेळाडूंच्या संख्येची मर्यादा उठली आणि बाहेरून आणायच्या खेळाडूंसाठी जागा मोकळ्या झाल्या. पैसा होताच. २०१२ मध्ये कोरिंथियन्सने चेल्सीला हरवलं, त्यानंतर क्लबांचं जागतिक विजेतेपद दक्षिण अमेरिकेकडे आलेलं नाही. म्हणजे खेळाडू गेले तसे क्लब अशक्त झाले. पण राष्ट्रीय संघाला खेळाडू परत मिळतो, तोही युरोपात तयार झालेला. म्हणून ‘फुटबॉल’ हा एकच शब्द वापरून क्लबांचा पुरावा देशांना लावणं, ही या वादातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी चूक आहे. मोजतोय काय आणि बोलतोय कशाबद्दल, हे एकच आहे का, असं प्रत्येक आकड्यापाशी विचारावं.

माझं मत

इतकं लिहून ‘काही सांगता येत नाही’ म्हणणं पळपुटेपणा होईल. दक्षिण अमेरिकेचे राष्ट्रीय संघ युरोपशी अजून टक्कर देऊ शकतात, यात मला शंका नाही. युरोपचं पारडं थोडं जड आहे असं मला वाटतं, पण वर्ल्ड कपच्या आकड्यांनी ते सिद्ध होत नाही, आणि होणारही नाही. समजा खरं प्रमाण ६०–४० आहे. ते ५०–५० पासून खात्रीलायक वेगळं ओळखायला, नेहमीच्या निकषांनी, सुमारे २०० सामने लागतील. पाच स्पर्धांत मिळाले २१, म्हणजे दर स्पर्धेला साधारण ४. त्या हिशोबाने ५० स्पर्धा. २०० वर्षं! यंदा ४८ संघ आणि बाद फेरीत एक फेरी जास्त असल्यामुळे सामने दुप्पट झाले तरी १०० वर्षं. पोस्टडॉक आणि ज्युनियर दोघांनाही तेवढी मुदतवाढ मिळणार नाही.

तुमचा प्रश्न निवडताना हे गणित आधी करा. ‘माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला किती डेटा लागेल, आणि तो माझ्या पाच वर्षांत जमेल का?’ मुलाखतीत हे विचारलं जातं. नाही विचारलं तरी पीएचडीचं तिसरं वर्ष ते विचारतंच.

आणि एक गोष्ट डेटा येण्याआधी करता येते: लिहून ठेवणं. काल आम्ही तिघांनी मेसच्या बिलाच्या पाठीमागे लिहिलं. मोजायचे फक्त बाद फेरीतले युरोप-दक्षिण अमेरिका सामने, तिसऱ्या क्रमांकाचा सोडून. पेनल्टीचे निकाल धरायचे, पण वेगळे दाखवायचे. पोस्टडॉकचं भाकीत: युरोप दोनतृतीयांश किंवा जास्त. ज्युनियरचं: निम्मे-निम्मे, आणि कप कुणाकडे ते सांगायला नको. माझं: युरोप निम्म्याहून जास्त पण दोनतृतीयांशाहून कमी, आणि ब्राझील निदान एक युरोपीय संघ हरवेल. खाली तारीख टाकली, सह्या केल्या आणि बिल लॅबच्या फ्रीजवर लावलं. १९ जुलैला अंतिम सामना आहे. त्यानंतर कुणालाही सुरुवातीचं वर्ष बदलता येणार नाही.

हरणाऱ्याने बाकीच्या दोघांना मिसळ खिलवायची आहे. पुण्याची की कोल्हापूरची, यावरून मात्र काल रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला. त्याचा डेटा गोळा करायची माझी हिंमत नाही.